गर्भारपण आणि लस: संकोचाचे शास्त्र आणि हैदराबादचा धडा

लसनिर्मितीच्या नकाशावर हैदराबादचे स्थान वादातीत आहे. सर रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये शेजारच्या सिकंदराबादेत डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी शोधला. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९९७ मध्ये, याच शहरातील शांता बायोटेक्निक्सने कावीळ-ब रोगावरील पहिली भारतीय बनावटीची जनुकीय लस बाजारात आणली. बायॉलॉजिकल ई, इंडियन इम्युनोलॉजिकल्स आणि भारत बायोटेक या लस कंपन्याही इथल्याच. शामीरपेटच्या परिसरातील जिनोम व्हॅली ही जगाला लसी पुरवणारी मोठी वसाहत मानली जाते.

मात्र लस तयार होणे आणि लस टोचून घेतली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कारखान्यात घडते. दुसरी घराच्या ओसरीवर, दवाखान्याच्या रांगेत, सासू-सुनेच्या बोलण्यात ठरते. लस घेणारी स्त्री गर्भवती असेल, तर हा निर्णय आणखी अवघड होतो, कारण तिला एकाच वेळी दोन जिवांचा विचार करायचा असतो. गर्भारपणातील लसीकरणाविषयीचा संकोच हा त्यामुळे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांचा स्वतंत्र विषय बनला आहे. हैदराबाद आणि तेलंगणाचा गेल्या दोन दशकांचा अनुभव हा संकोच कुठून येतो आणि कशाने ओसरतो, हे समजून घेण्यास उपयोगी पडतो.

विरोध नव्हे, संकोच

लस नाकारणाऱ्या प्रत्येकाला 'लसविरोधक' म्हणण्याची पद्धत अभ्यासकांनी मागे टाकली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये या विषयावर एक कार्यगट नेमला. लसीकरणाची सोय उपलब्ध असूनही लस घेण्यात केलेली दिरंगाई किंवा दिलेला नकार म्हणजे लसविषयक संकोच, अशी व्याख्या या गटाने केली. सर्व लसी निमूटपणे घेणारे एका टोकाला आणि सर्व लसी नाकारणारे दुसऱ्या टोकाला असतात. बहुतांश माणसे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभी असतात. २०१९ मध्ये याच संघटनेने जागतिक आरोग्यापुढील दहा मोठ्या धोक्यांत या संकोचाची गणना केली.

संकोचामागे प्रामुख्याने तीन घटक सांगितले जातात. पहिला बेफिकिरीचा: रोग आपल्याला होणारच नाही किंवा झाला तरी किरकोळ असेल, ही समजूत. दुसरा गैरसोयीचा: केंद्र दूर, वेळ अडचणीची, मजुरी बुडण्याची भीती. तिसरा विश्वासाचा: लसीवर, ती देणाऱ्यावर आणि ती द्यायचे ठरवणाऱ्या यंत्रणेवर भरवसा आहे की नाही. गर्भारपणात या तिसऱ्या घटकाचे वजन कितीतरी पटींनी वाढते. एरवी डोकेदुखीची गोळी सहज घेणारी स्त्री या नऊ महिन्यांत ती घेण्यापूर्वी दहादा विचार करते आणि समाजही तिच्याकडून तीच अपेक्षा ठेवतो. 'काही करू नये' हाच सर्वांत सुरक्षित मार्ग, अशी धारणा त्यातून पक्की होते. न घेतलेल्या लसीमुळे होणारी हानी डोळ्यांना दिसत नाही. घेतलेल्या लसीनंतर घडलेली प्रत्येक गोष्ट मात्र लसीच्याच खात्यावर जमा होते.

कोणती लस, कशासाठी?

गर्भवतीला दिलेली लस दुहेरी काम करते. आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. हा पुरवठा विशेषतः शेवटच्या तिमाहीत वाढतो. जन्मानंतरचे पहिले काही महिने, म्हणजे बाळाच्या स्वतःच्या लसी पूर्ण होईपर्यंत, हीच शिदोरी त्याचे रक्षण करते. बांगलादेशात ३४० मातांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आईला फ्लूची लस दिल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या अर्भकांतील सिद्ध झालेल्या फ्लूचे प्रमाण ६३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. सहा महिन्यांखालील बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गर्भवतींसाठी धनुर्वात व घटसर्प यांवरील संयुक्त लस आहे. पहिली मात्रा गर्भारपणाच्या सुरुवातीला, दुसरी चार आठवड्यांनी दिली जाते; मागील गर्भारपणात दोन्ही मात्रा घेऊन तीन वर्षे झाली नसतील तर एक वर्धक मात्रा पुरते. फ्लूची लस आणि डांग्या खोकल्याचा समावेश असलेली संयुक्त लस यांची शिफारस स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटना करतात, पण त्या मुख्यतः खासगी वैद्यकसेवेत मिळतात. डांग्या खोकल्याच्या लसीसाठी २७ ते ३६ आठवड्यांचा काळ योग्य मानला जातो. अर्भकांना श्वसनाचा गंभीर आजार देणाऱ्या आरएसव्ही विषाणूवरील गर्भवतींसाठीच्या लसीला अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. गोवर-रुबेला किंवा कांजिण्या यांवरील लसींत जिवंत पण दुर्बल केलेले विषाणू असतात. त्या गर्भारपणात दिल्या जात नाहीत, त्याआधीच घेणे अपेक्षित असते. म्हणजे 'गरोदरपणी सगळ्या लसी चालतात' हे विधान जितके चुकीचे, तितकेच 'गरोदरपणी एकही लस नको' हेही. एखादी गर्भवती 'ही लस कोणत्या प्रकारची आहे?' असे विचारते तेव्हा तो नकार नसून योग्य प्रश्न असतो.

धनुर्वाताचे इंजेक्शन: न गाजलेले यश

गर्भारपणातील लसीचे सर्वांत मोठे यश आपल्या डोळ्यांसमोर घडले आणि त्याची फारशी चर्चाही झाली नाही. काही दशकांपूर्वीपर्यंत भारतात दरवर्षी दीड ते दोन लाख नवजात बालकांना धनुर्वात होत असे. न उकळलेल्या विळ्याने किंवा ब्लेडने नाळ कापणे, नाळेवर शेण वा राख लावणे ही त्याची प्रमुख कारणे. गर्भवतीला दिलेली लस, स्वच्छ प्रसूती आणि रुग्णालयातील बाळंतपण यांच्या जोरावर हे चित्र पालटले. तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात २००३ मध्येच या रोगाच्या निर्मूलनाची पडताळणी झाली. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हा निकष संपूर्ण देशाने २०१५ मध्ये पूर्ण केला.

जी स्त्री इतर लसींबाबत कचरते, तीच 'धनुर्वाताचे इंजेक्शन' मात्र बहुधा मुकाट घेते. ही लस आजीने घेतली, आईने घेतली, मोठ्या जावेने घेतली. ती देणारी परिचारिका ओळखीची असते, तपासणीच्या दिवशीच ती टोचली जाते आणि माता-बाल संरक्षण कार्डावर तिची नोंद होते. बोलीभाषेत तिला कुणी 'लस' म्हणतही नाही. ती गर्भारपणाच्या रीतीचा एक भाग झाली आहे. सवय, ओळख आणि सातत्य यांतून विश्वास कसा घडतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

अफवेची मुळे

तरीही या लसीवरही जगात किटाळ आलेच. १९९०च्या दशकात काही देशांत आणि २०१४ मध्ये केनियात, धनुर्वाताच्या लसीत स्त्रियांना वंध्य करणारे द्रव्य मिसळल्याचा आरोप झाला. अशी अफवा निव्वळ हवेतून येत नाही. गर्भधारणा टिकवणाऱ्या संप्रेरकाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करणारी गर्भनिरोधक लस बनवण्याचे संशोधन खरोखरच चालले होते. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांच्या नेतृत्वाखाली त्यावर काम झाले आणि १९९४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या प्रायोगिक लसीत वाहक म्हणून धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या घटकाचा वापर होता. हे संशोधन उघडपणे, संमती घेतलेल्या स्त्रियांवर झाले होते आणि नेहमीच्या धनुर्वात लसीशी त्याचा काहीही संबंध नव्हता. पण दोन गोष्टींत एक शब्द समान असला की अफवेला तेवढा धागा पुरतो.

भारतात या धाग्याला आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीची स्मृती जोडलेली आहे. सरकारी माणूस सुई घेऊन दारात आला की 'मूल होऊ नये म्हणून तर नाही ना?' ही शंका पुढे पोलिओच्या मोहिमेतही उमटली. लंडनच्या स्वच्छताविषयक व उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयातील मानववंशशास्त्रज्ञ हायडी लार्सन यांनी लसीवरील विश्वासाचा जगभर अभ्यास करणारा प्रकल्प २०१० मध्ये उभा केला. अफवेकडे खोडून काढायची चूक म्हणून पाहण्याऐवजी समाजाच्या मनातील अस्वस्थतेचे लक्षण म्हणून पाहावे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे.

खम्ममची सावली

तेलंगणाच्या बाबतीत ही अस्वस्थता समजून घेताना खम्मम जिल्ह्याकडे वळावे लागते. २००९ मध्ये, हा जिल्हा आंध्र प्रदेशात असताना, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या एचपीव्ही लसीचा प्रात्यक्षिक प्रकल्प 'पाथ' या आंतरराष्ट्रीय संस्थेने तेथे आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात राबवला. १० ते १४ वयोगटातील मुलींना ही लस देण्यात आली. त्यांत भद्राचलम परिसरातील आदिवासी वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक मुली होत्या. त्यानंतरच्या काळात सात मुलींच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला.

चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. मात्र संमती घेण्याच्या पद्धतीतील गंभीर त्रुटी उघड झाल्या. अनेक अर्जांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मधील अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष असूनही प्रक्रिया सदोष असेल तर विश्वास तुटतो, हा या प्रकरणाचा धडा. २००९ मध्ये १० ते १४ वर्षांच्या असलेल्या मुली २०२१ मध्ये २२ ते २६ वर्षांच्या, म्हणजे नेमक्या आई होण्याच्या वयात होत्या. कोविडची लस घेऊन आरोग्यसेविका दारात आली, तेव्हाची पिढी ती हीच.

जानेवारीत नको, जुलैत घ्या

हैदराबादच्या भारत बायोटेकने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या सहकार्याने तयार केलेल्या कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे परिणामकारकतेचे आकडे तेव्हा हाती आले नव्हते. १६ जानेवारीस देशभर लसीकरण सुरू झाले, तेव्हा गर्भवती आणि स्तनदा मातांना लस देऊ नये, अशी केंद्राची स्पष्ट सूचना होती. कारण सरळ होते: चाचण्यांत गर्भवतींना घेतलेच नव्हते.

गर्भवतींना चाचण्यांपासून दूर ठेवण्याच्या प्रथेला थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेची पार्श्वभूमी आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस युरोपात गर्भवतींनी मळमळीवर घेतलेल्या या औषधाने हजारो बालके अपंग जन्मली. त्यानंतर संरक्षणाच्या हेतूने गर्भवतींना संशोधनातून वगळले जाऊ लागले. पण वगळण्यातून माहितीची पोकळी निर्माण होते आणि त्या पोकळीत प्रत्येक गर्भवतीला आधाराविना निर्णय घ्यावा लागतो. साथरोगांच्या काळात गर्भवतींना संशोधनात सुरक्षितपणे कसे सामावून घ्यावे, याची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने २०१८ मध्येच मांडली होती. कोविडच्या घाईत ती मागे पडली.

या विलंबाची किंमत दुसऱ्या लाटेत मोजावी लागली. मुंबईतील नायर रुग्णालय आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था यांनी गर्भवती कोविडरुग्णांची नोंदवही ठेवली होती. पहिल्या लाटेतील १,१४३ आणि दुसऱ्या लाटेतील ३८७ स्त्रियांच्या तुलनेत मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्क्यावरून ५.७ टक्क्यांवर गेल्याचे दिसून आले. अमेरिकेतील हजारो लसवंत गर्भवतींच्या नोंदींतून चिंताजनक काही आढळले नसल्याची प्राथमिक माहिती एप्रिल २०२१ मध्ये आली होती. मे महिन्यात स्तनदा मातांना आणि २ जुलै २०२१ रोजी गर्भवतींना लस घेण्याची मुभा भारतात मिळाली. पुढे स्कॉटलंडमधील अभ्यासात कोविडमुळे अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या गर्भवतींपैकी सुमारे ९८ टक्के स्त्रिया लस न घेतलेल्या असल्याचे स्पष्ट झाले.

शास्त्राच्या दृष्टीने हा बदल योग्यच होता. पुरावा वाढला, सल्ला बदलला. पण जानेवारीत 'घेऊ नका' आणि जुलैत 'घ्या' असे एकाच यंत्रणेकडून ऐकणाऱ्या गर्भवतीला मधल्या सहा महिन्यांत काय बदलले, हे कुणीतरी तिच्या भाषेत सांगणे आवश्यक होते. जिथे ते सांगितले गेले नाही, तिथे संकोच हा अज्ञानापेक्षा स्मरणशक्तीचाच परिणाम होता.

संशोधक काय मोजतात?

या विषयाच्या अभ्यासात पहिली अडचण मोजमापाची. 'लस घ्याल का?' या प्रश्नाचे उत्तर आणि प्रत्यक्ष घेतलेली लस यांत अंतर असते. २०२० च्या अखेरीस १६ देशांतील सुमारे १८ हजार स्त्रियांच्या ऑनलाइन पाहणीत, लस ९० टक्के परिणामकारक असल्यास ५२ टक्के गर्भवतींनी ती घेण्याची तयारी दर्शवली. गर्भवती नसलेल्यांत हे प्रमाण ७३ टक्के होते. भारतातील स्त्रियांची तयारी अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा रशियातील स्त्रियांपेक्षा अधिक होती. परंतु अशी पाहणी इंटरनेट वापरणाऱ्या स्त्रीपर्यंतच पोहोचते. हैदराबादच्या जुन्या शहरातील दखनी बोलणारी गृहिणी किंवा बांधकामावरची परप्रांतीय मजूर स्त्री तिच्यात क्वचितच येते. त्यांच्यासाठी अभ्यासकाला दवाखान्याच्या बाकावर बसून, तिच्याच भाषेत, सासू किंवा नवरा जवळ नसताना बोलावे लागते. अन्यथा उत्तर तिचे नसून घराचे मिळते.

दुसरी अडचण संकोच आणि अभाव यांची गल्लत. लस न घेतलेली प्रत्येक गर्भवती साशंक नसते. कुणाचा रोज बुडतो, कुणाला सोबत मिळत नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे; सातव्या महिन्यात ती माहेरी जाते, नोंदणी सासरच्या केंद्रात राहते आणि दुसरी मात्रा दोन्हीकडच्या यादीतून निसटते. अशा स्त्रीला समुपदेशनापेक्षा चालू नोंदीची गरज असते. २०२३ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेली यू-विन ही केंद्राची डिजिटल नोंदप्रणाली हीच उणीव भरून काढू पाहते.

तिसरी अडचण कार्यकारणाची. निदान झालेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी साधारण दहा ते पंधरा गर्भधारणा लस असो वा नसो, गर्भपातात संपतात. त्यामुळे पहिल्या तिमाहीत लस घेतलेल्या हजारो स्त्रियांपैकी काहींचा गर्भपात लसीनंतर होणारच. 'नंतर' आणि 'त्यामुळे' यांतील फरक लस घेतलेल्या व न घेतलेल्या गटांची तुलना केल्यावरच कळतो. पण गर्भ गमावलेल्या स्त्रीला आकडेवारीने सांत्वन मिळत नाही. तिची तक्रार नोंदवून तपासली जाणे आणि निष्कर्ष तिला कळवला जाणे, हे पुढच्या शंभर स्त्रियांच्या विश्वासासाठी आवश्यक असते.

काय उपयोगी पडते?

जगभरच्या अभ्यासांतून सातत्याने पुढे येणारा निष्कर्ष साधा आहे: गर्भवती ज्यांच्याकडे तपासणीला जाते, त्या डॉक्टरने किंवा परिचारिकेने स्वतः केलेली स्पष्ट शिफारस सर्वांत परिणामकारक ठरते. फलक आणि जाहिराती त्यानंतर येतात. डॉक्टर स्वतःच घुटमळला तर रुग्णाचा संकोच दुणावतो. म्हणून गर्भवतींच्या संकोचाचा अभ्यास हा वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या संकोचाचाही अभ्यास असावा लागतो.

आर्थिक प्रोत्साहनाचा प्रयोग तेलंगणाने केला. जून २०१७ मध्ये हैदराबादच्या पेटलाबुर्ज येथील सरकारी प्रसूती रुग्णालयात 'केसीआर किट' योजनेचा आरंभ झाला. सरकारी रुग्णालयातील बाळंतपणासाठी मुलगा झाल्यास १२ हजार आणि मुलगी झाल्यास १३ हजार रुपये हप्त्यांनी देण्याची आणि त्यातील हप्ते गर्भारपणातील तपासण्या व बाळाच्या लसीकरणाशी जोडण्याची तरतूद तीत होती. अशा योजनेने गैरसोयीचा अडसर दूर होतो आणि स्त्री पुन्हा पुन्हा केंद्रात येते. अविश्वास मात्र पैशाने दूर होत नाही. उलट 'पैसे कशाला देतात?' ही नवी शंका उद्भवू शकते. केंद्रात आलेल्या स्त्रीशी तिथे कसे बोलले जाते, यावरच पुढचे अवलंबून राहते.

गोव्यासाठी अर्थ

हा विषय गोव्याला परका नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला मोहीम ज्या पाच राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत प्रथम सुरू झाली, त्यांत गोवा होता. तेलंगणात ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेली. त्या मोहिमेच्या काळात शाळकरी मुलांना टोचल्या जाणाऱ्या या लसीविषयी दक्षिणेकडील राज्यांत व्हॉट्सअॅपवरून अफवांचे पेव फुटले होते. रुबेलाची लस खरे तर भावी गर्भारपणासाठीच असते. गर्भाच्या पहिल्या बारा आठवड्यांत आईला रुबेला झाल्यास बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष यांचा मोठा धोका असतो. मोतीबिंदू घेऊन जन्मणारी बालके आणि आईला झालेला रुबेला यांतील संबंध १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिला होता. म्हणजे शाळेत नऊ वर्षांच्या मुलीला दिलेली लस ही वीस वर्षांनंतरच्या बाळाची राखण असते आणि तिला पालकांनी दिलेला होकार वा नकार तितकाच दूर पोहोचतो.

गोव्यात बहुतेक सर्व बाळंतपणे रुग्णालयात होतात, त्यामुळे गर्भवतीशी बोलण्याची संधी यंत्रणेला अनेकदा मिळते. ती संधी सहीपुरती उरते की संवादाची होते, हा खरा प्रश्न आहे. खम्ममने संमतीतील हलगर्जीची किंमत दाखवली, कोविडने माहितीच्या पोकळीची, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनने ओळखीच्या हातांची ताकद दाखवली. फ्लू, डांग्या खोकला, आरएसव्ही अशा नव्या लसी उद्या सरकारी केंद्रात येतील, तेव्हा शीतसाखळीइतकीच तयारी या संवादाचीही लागेल. कोणती लस कधी घ्यावी, याचा निर्णय प्रत्येक गर्भवतीने आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. मात्र तिने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले पाहिजे, ही जबाबदारी तिची नसून यंत्रणेची आहे.